कुलाब्याला मोजलेलं सूर्याचं वादळ आणि ते मोजणारी माणसं

कुलाबा वेधशाळा म्हटलं की आपल्याला जुलै महिना आठवतो. टीव्हीवर कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इतके मिलिमीटर, लोकल चालू की बंद, बस. पण ह्याच कुलाब्यात २ सप्टेंबर १८५९ ला, शुक्रवारी सकाळी, एक रीडिंग घेतलं गेलं जे आजही जगभरचे शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा उघडून बघतात. ते पावसाचं नव्हतं, सूर्याने पृथ्वीला दिलेल्या धक्क्याचं होतं. खगोलशास्त्राच्या इतिहासात ज्यांच्याकडे कुणी फारसं वळून बघत नाही अशा माणसांबद्दल लिहायचं म्हटल्यावर मला गॅलिलिओच्या काळात जावंसं वाटलं नाही, कारण आपल्या नेव्हीनगरच्या बसच्या रस्त्यावरच एवढं मोठं प्रकरण पडलंय आणि ते मुंबईकरांनाच माहीत नाही.

आधी काय झालं ते सांगतो. १ सप्टेंबर १८५९, गुरुवार. इंग्लंडमध्ये रेडहिल नावाच्या गावी रिचर्ड कॅरिंग्टन त्याच्या खाजगी वेधशाळेत सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत बसला होता. तिथले सकाळचे ११ वाजून १८ मिनिटं झाली आणि डागांच्या एका मोठ्या घोळक्यावर पांढऱ्या प्रखर उजेडाचे दोन ठिपके उमटले, साधारण पाच मिनिटं राहिले आणि विझले. त्याच वेळी रिचर्ड हॉजसन नावाच्या दुसऱ्या एका हौशी माणसाने वेगळ्या ठिकाणाहून तेच पाहिलं, म्हणून भास झाला असं म्हणायची सोय राहिली नाही. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीचं चुंबकत्व अक्षरशः हादरलं. क्यूबापर्यंत आकाशात लाल उजेड दिसला, जो एरवी ध्रुवाकडच्या देशांतच दिसतो. तारयंत्रांच्या ऑफिसात ठिणग्या उडाल्या, आणि अमेरिकेत बोस्टन ते पोर्टलंडच्या लाइनवर ऑपरेटरनी बॅटरी काढून टाकली तरी तारेत आपोआप आलेल्या करंटवर निरोप जात होते.

मुंबईत तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. भाद्रपद, गणपतीचे दिवस. सार्वजनिक गणपती यायला अजून काही दशकं होती, घरोघरचे मात्र बसलेले असणार. उन्हामुळे आकाशात काही दिसायचा प्रश्नच नव्हता. रस्त्यावरच्या माणसाला काहीही कळलं नसणार. पण कुलाब्याच्या एका बंद खोलीत टांगलेला मॅग्नेट वळायला लागला, आणि तिथे दुर्बिणीला डोळा लावून एक माणूस बसला होता.

ही खोली नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिच्यातच आहे. पृथ्वी स्वतः एक मोठा मॅग्नेट आहे हे शाळेत झालंय. त्या चुंबकत्वाचा आडवा जोर, म्हणजे होकायंत्राच्या सुईला उत्तरेकडे ओढणारा जोर, किती आहे आणि तो दिवसभरात किती बदलतो हे मोजायचं होतं. त्यासाठी एक चुंबकाची पट्टी दोन शेजारी-शेजारी तारांवर टांगायची आणि वरून तारांना असा पीळ द्यायचा की पट्टी उत्तर-दक्षिण न राहता आडवी, पूर्व-पश्चिम अडकून राहील. आता पृथ्वी तिला उत्तरेकडे वळवायला बघते आणि तारांचा पीळ तिला धरून ठेवतो. पृथ्वीचा जोर जरा कमी झाला की पीळ जिंकतो आणि पट्टी किंचित वळते, जोर वाढला की उलट्या बाजूला. हे वळणं इतकं बारीक असतं की नुसत्या डोळ्याला काही कळत नाही, म्हणून पट्टीला एक छोटा आरसा लावायचा, समोर आकडे लिहिलेली पट्टी ठेवायची, आणि लांबून छोट्या दुर्बिणीतून आरशात कुठला आकडा दिसतोय तो वाचायचा. जवळ जायचं नाही, खिशात किल्ल्या किंवा चाकू ठेवायचा नाही, खोलीच्या बांधकामात लोखंड नको. आणि उन्हाळ्यात मॅग्नेट तापला की त्याचा स्वतःचा जोर कमी होतो, त्यामुळे प्रत्येक रीडिंगबरोबर खोलीचं तापमान लिहायचं आणि नंतर हाताने गणित करून तो फरक काढून टाकायचा. हे तासातासाला, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. मे महिन्यातली मुंबई, पंखा नाही, दारं लावलेली.

त्या शुक्रवारी ह्या माणसांनी तासाचं वेळापत्रक बाजूला ठेवलं आणि काही-काही मिनिटांनी आकडा टिपायला सुरुवात केली. अकराच्या सुमारास आडवा जोर इतका खाली गेला की आजच्या मापात तो फरक सुमारे १६०० नॅनोटेस्ला (चुंबकत्व मोजायचं एकक) भरतो. मुंबईत हा जोर एरवी ३७-३८ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ चार टक्के जोर दोन तासांच्या आत गायब. चार टक्के ऐकायला कमी वाटतं, पण रोजच्या चढउताराचा हिशोब काही दहा नॅनोटेस्लांमध्ये होतो.

आता हा जोर कमी का होतो? सूर्यावर असा स्फोट झाला की कधीकधी त्याच्याबरोबर विद्युतभारित वायूचा एक प्रचंड ढग सुटतो, आणि तो ढग स्वतःचं चुंबकत्व बरोबर घेऊन येतो. ह्या ढगातल्या चुंबकत्वाची दिशा पृथ्वीच्या विरुद्ध, म्हणजे दक्षिणेकडे असेल, तर पृथ्वीच्या बाहेरच्या चुंबकीय रेषा तुटून ढगातल्या रेषांशी जोडल्या जातात आणि आत शिरायला वाट मिळते. दिशा उत्तरेकडे असेल तर तेवढाच मोठा ढग बराचसा बाजूने निघून जातो. आत शिरलेली ऊर्जा आणि कण पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर एक कडं तयार करतात, आणि ह्या कड्यातून वीज पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. वीज वाहिली की तिचं स्वतःचं चुंबकत्व येतंच, आणि ह्या कड्याचं चुंबकत्व जमिनीवर पृथ्वीच्या आडव्या जोराच्या उलट पडतं. म्हणून आपल्याकडच्या यंत्रात आकडा खाली जातो. जितका खाली, तितकं वादळ मोठं.

हे कडं विषुववृत्ताच्या भोवती असतं, त्यामुळे ते मोजायला विषुववृत्ताच्या जवळची जागा लागते. ध्रुवाकडच्या देशांत आकाशातल्या त्या रंगीत उजेडाबरोबर वाहणारे करंट डोक्यावरच असतात आणि ते सगळं रीडिंग गढूळ करून टाकतात. उलट अगदी विषुववृत्ताला चिकटून गेलात, म्हणजे आपल्याकडे तिरुनेलवेलीच्या बाजूला, तर तिथे दिवसा वरच्या हवेत विजेचा एक वेगळाच पट्टा वाहतो आणि तो गोंधळ घालतो. मुंबई दोन्हींपासून सुरक्षित अंतरावर आहे. ईस्ट इंडिया कंपनीने जागा निवडताना ह्यातलं काहीच डोक्यात ठेवलं नव्हतं, १८२६ मध्ये ही वेधशाळा बांधली ती ताऱ्यांचे वेध घेऊन बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ द्यायला. चुंबकत्वाचं काम १८४१ मध्ये सुरू झालं आणि १८४६ पासून नियमित चाललं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लंडनजवळ क्यू आणि ग्रिनिच इथे तोपर्यंत फोटोवाली आधुनिक यंत्रं आली होती, फिरत्या रोलवर फोटोचा कागद, त्यावर उजेडाचा ठिपका आपोआप रेघ काढणार, माणसाची गरज नाही. वादळ आलं आणि रेघ कागदाच्या बाहेर गेली. सगळ्यात मोठा धक्का नेमका किती होता ते त्या कागदांवर नाहीच. कुलाब्यात मशीन जुनं होतं, पण ते वाचायला माणसं होती, आणि माणूस आकडा पळतोय म्हटल्यावर त्याच्या मागे नजर पळवतो. म्हणून आपला रेकॉर्ड वादळाच्या तळापर्यंत जाऊन वर येतो. हे रीडिंग वार्षिक अहवालाच्या जाडजूड पुस्तकात छापलं गेलं, त्यावर तेव्हाचे प्रमुख, इंडियन नेव्हीचे लेफ्टनंट फर्ग्युसन ह्यांचं नाव आलं, आणि पुस्तक कपाटात गेलं. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेझ ह्यांच्याबरोबर आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना आणि शोभना अ‍ॅलेक्स ह्यांनी तो डेटा बाहेर काढून तपासला आणि १६०० चा आकडा जगासमोर मांडला. मध्ये १४४ वर्षं गेली.

जगभर ह्या वादळाला कॅरिंग्टन इव्हेंट म्हणतात, आणि कॅरिंग्टनबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट तो फार सांभाळून बोलणारा माणूस होता, लंडनच्या सभेत त्याने आपलं निरीक्षण मांडताना स्फोट आणि वादळ ह्यांचा संबंध लावायची घाई करू नका असंच सुचवलं. पण १८५९ बद्दल काहीही वाचायला घ्या, कॅरिंग्टनचं नाव पहिल्या ओळीत, कुलाब्याचं नाव चांगल्या लेखात, आणि दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या असिस्टंटचं नाव सहसा कुठेच नाही. स्फोट पाहायला पाच मिनिटं लागली. तो आकडा पकडायला रोज, काहीही घडत नसताना, तासातासाला बसावं लागलं.

हे असिस्टंट कोण असायचे ह्याची एक झलक मात्र मिळते. केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना, मूळ अलिबागजवळच्या नागावचे. कुलाब्यात एल्फिन्स्टनचे प्रोफेसर ऑर्लिबार काम बघायचे तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे केरूनाना तिथे असिस्टंट म्हणून लागले आणि जवळपास दहा वर्षं रीडिंग आणि गणितं करत राहिले. कॉलेजची पदवी नाही, जे शिकले ते त्या खोलीत आणि आकड्यांच्या वह्यांत. पुढे पुण्याला गणिताचे प्रोफेसर झाले, टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये त्यांचं 'ग्रहसाधनाची कोष्टके' आलं. तेव्हा परंपरेने चालत आलेल्या पंचांगातली ग्रहस्थिती आणि आकाशातली खरी स्थिती ह्यांच्यात फरक पडत चालला होता, ग्रहणाच्या वेळा चुकायच्या, आणि केरूनानांचं म्हणणं सरळ होतं की आकाशात जे दिसतं त्याच्याशी पंचांग जुळलं पाहिजे. त्यांच्या गणितावर आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने जे पंचांग निघालं ते पटवर्धनी पंचांग. केरूनाना कुलाब्यातून पुण्याला गेले ते १८५९ च्या आधीच, त्यामुळे त्या शुक्रवारी ते खोलीत नव्हते, पण खोलीत बसणारा माणूस कसा असू शकतो हे त्यांच्याकडे बघून कळतं.

बाळशास्त्री जांभेकरांचंही तेच. ६ जानेवारीला आपण दर्पणकार म्हणून त्यांची आठवण काढतो, पण काही काळ ह्याच कुलाबा वेधशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे होती हे किती जणांना माहितीये? १८४६ मध्ये ते गेले, पस्तिशीही न गाठता.

आता सूर्याकडे जाऊ. सूर्यावरच्या डागांची संख्या दर दहा-अकरा वर्षांनी वाढते आणि घटते हे आज सगळे सांगतात. हे शोधणारा हाइनरिख श्वाब हा जर्मनीतल्या देसाउ गावचा औषधविक्रेता होता. बुधाच्याही आत एखादा ग्रह असेल आणि तो सूर्यावरून जाताना दिसेल म्हणून त्याने १८२६ मध्ये, म्हणजे कुलाबा वेधशाळा उभी राहिली त्याच वर्षी, रोज सूर्य बघायला घेतला. ग्रह काही मिळाला नाही, तसा ग्रहच नाही, पण डागांच्या सतरा वर्षांच्या नोंदी हातात आल्या आणि त्यातला चढउतार त्याने १८४३ मध्ये जाहीर केला. कुणी लक्ष दिलं नाही. १८५२ मध्ये एडवर्ड सबाइनने ब्रिटिश वसाहतींतल्या वेधशाळांचे चुंबकीय आकडे श्वाबच्या डागांशी लावून बघितले आणि दोन्ही एकाच तालावर वरखाली होतात हे दाखवलं.

एवढं हातात असताना सूर्य आणि पृथ्वीचं नातं मान्य व्हायला हवं होतं ना? नाही झालं. १८९२ मध्ये लॉर्ड केल्विन, त्या काळातलं भौतिकशास्त्रातलं सगळ्यात वजनदार नाव, रॉयल सोसायटीत अध्यक्ष म्हणून उभे राहिले आणि म्हणाले की सूर्यामुळे चुंबकीय वादळं येतात हे अशक्य आहे, डागांशी जुळतंय तो योगायोग. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. त्यांनी १८८५ चं एक साधंसं आठ तासांचं वादळ घेतलं आणि दाखवलं की ते घडवायला सूर्याला एरवी चार महिन्यांत उजेड आणि उष्णता म्हणून जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तेवढी त्या आठ तासांत टाकावी लागेल. चूक होती ती गृहीत धरण्यात, की सूर्याचा परिणाम सगळ्या दिशांना सारखा पसरतो.

केल्विनना ह्या ठिकाणी उत्तर मिळालं, आणि त्या उत्तराचा एक तुकडा आपल्या विदर्भात तयार झाला. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि त्याची सावली महाराष्ट्रावरून तिरकी गेली, कोकणात विजयदुर्गकडून आत, सोलापूरकडच्या जेऊरवरून, वऱ्हाडातल्या तळणीवरून पुढे. तळणीला ब्रिटिश हौशी खगोलप्रेमींचा तळ पडला होता आणि त्यात अ‍ॅनी माँडर होत्या. ह्या बाई केंब्रिजला गणित शिकलेल्या. ग्रिनिच वेधशाळेत १८९१ मध्ये महिना चार पौंडांवर आकडेमोड करायला लागल्या, रोज सूर्याचे फोटो काढायचं आणि डाग मोजायचं काम करायच्या, आणि १८९५ मध्ये तिथल्याच वॉल्टर माँडरशी लग्न झालं तेव्हा नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेली बाई सरकारी नोकरीत चालत नव्हती. काम काही सुटलं नाही. तळणीला त्यांनी अगदी छोट्या भिंगाचा, स्वतः जुळवून घेतलेला कॅमेरा लावला आणि सूर्याच्या बाहेरच्या तेजोमंडलातून निघालेला एक सरळसोट झोत पकडला, जो जवळजवळ एक कोटी किलोमीटर लांब होता. तोपर्यंत एवढा लांब झोत कुणी फोटोत पकडला नव्हता. बाजूला मोठमोठ्या सरकारी मोहिमा होत्या, मोठी यंत्रं होती.

हा झोत महत्त्वाचा का? वॉल्टर माँडरने १९०४ मध्ये ग्रिनिचच्या जुन्या नोंदी चाळून दाखवलं की चुंबकीय वादळं बऱ्याचदा साधारण २७ दिवसांनी पुन्हा येतात. पृथ्वीवरून बघितलं तर सूर्याला स्वतःभोवती एक फेरी मारायला तेवढेच दिवस लागतात. म्हणजे सूर्यावरच्या एखाद्या ठराविक जागेतून काहीतरी अरुंद झोतासारखं बाहेर येतंय आणि सूर्य फिरतो तसा तो झोतही फिरतोय, कुलाब्याच्या टोकाला प्रॉंग्ज दीपस्तंभाचा उजेड फिरून फिरून तुमच्या खिडकीवर येतो अगदी तसा. दिवा सगळीकडे सारखा उजेड टाकत नसेल तर केल्विनचं चार महिन्यांचं गणित लागूच होत नाही. आणि असे अरुंद झोत सूर्यातून खरोखर निघतात हे दाखवायला अ‍ॅनीबाईंचे फोटो होते. त्याच वर्षी दोघांनी मिळून डाग सूर्यावर कधी आणि कुठे उमटतात ते दाखवणारा प्रसिद्ध फुलपाखरासारखा आलेख मांडला. पण नाव बऱ्याच ठिकाणी नुसतं माँडर म्हणून लागतं आणि वाचणारा वॉल्टर समजतो. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने अ‍ॅनीला सभासद करून घेतलं ते १९१६ मध्ये.

विजयदुर्गबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात कारण दरवर्षी ऑगस्टमध्ये मेसेज फिरतात. नॉर्मन लॉकियरने १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला असं आपण अभिमानाने सांगतो, पण १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होता आणि सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा त्याने तिथूनच अभ्यासली. विजयदुर्गला तो आला तीस वर्षांनी, ह्याच १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे म्हणून दाखवतात ते त्या मोहिमेचे.

आणि ज्याचा खरा अभिमान वाटायला हवा तो माणूस त्याच दिवशी जेऊरला उभा होता. कावसजी दादाभाई नायगमवाला. एल्फिन्स्टनचा विद्यार्थी, मग तिथेच भौतिकशास्त्र शिकवायला. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी ५००० रुपये दिले, तेवढेच मुंबई सरकारने घातले, आणि त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, वेधशाळा उभी राहिली. तिच्यातली २० इंची दुर्बीण १८८८ च्या सुमाराला भारतातली सगळ्यात मोठी होती. आता ह्या माणसाची हिंमत बघा. नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले तेव्हा त्यांना ह्या वाटेला लावणारा लॉकियरच. लॉकियरचा एक आवडता सिद्धांत होता की मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या प्रकाशात जी मुख्य हिरवी रेषा दिसते ती मॅग्नेशियममुळे आहे, आणि तसं असेल तर ती रेषा एका बाजूला पुसट होत गेलेली दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्याहून बघितलं, वेगवेगळ्या पद्धतीने बघितलं, आणि १८९१ मध्ये छापलं की रेषा दोन्ही बाजूंनी धारदार आहे. म्हणजे गुरूचा सिद्धांत बसत नाही. परक्या राज्यातला तरुण प्रोफेसर लंडनच्या मोठ्या माणसाला हे लिहून देतो, केवळ डोळ्याला जे दिसलं ते तसं आहे म्हणून. ती रेषा खरी कशाची हे १९२७ मध्ये आयरा बोवेनने सोडवलं, ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची निघाली. जेऊरला नायगमवालांनी ग्रहणाच्या त्या दोनएक मिनिटांत सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपले. १९१२ मध्ये ते रिटायर झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. एक माणूस गेला की संस्थाच गुंडाळायची, हे मला आजही खटकतं.

परत कुलाब्याला येतो, कारण नानाभाई मूस राहिले. जन्म १८५९ चाच, वादळाच्या वर्षातला. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि काही वर्षांतच त्यांच्यापुढे संकट आलं ते विजेवरच्या ट्रामचं. तोपर्यंत मुंबईत घोड्यांच्या ट्राम होत्या, त्यांनी मॅग्नेटला काही होत नव्हतं. विजेच्या ट्रामचा करंट रुळांतून परत जातो, त्यातला बराच जमिनीत झिरपतो आणि आजूबाजूचं चुंबकत्व बिघडवतो. सूर्याचं बारीक थरथरणं मोजणाऱ्या यंत्रात मग काळबादेवीची ट्राम कधी सुटली ते दिसायला लागणार. ट्राम थांबवणं शक्य नव्हतं आणि मूस ह्यांनी त्यात वेळ घालवलाही नाही. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागला जागा धरली, पोरबंदरचा दगड, तांबं, पितळ वापरून लोखंड नसलेली इमारत उभी केली आणि १९०४ मध्ये तिथलं काम सुरू केलं.

पण कुलाब्याचं लगेच बंद केलं नाही, आणि इथे मूस काय दर्जाचे होते ते कळतं. जागा बदलली की आकडा बदलतो, जमिनीखालचा दगड वेगळा, अंतर वेगळं, यंत्र वेगळं. आज कुलाबा बंद करून उद्या अलिबाग सुरू केलं असतं तर १८४६ पासूनची सलग मालिका तिथेच तुटली असती, कारण मधल्या उडीतला किती भाग जागेचा आणि किती खराखुरा ते कुणालाच सांगता आलं नसतं. म्हणून १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी रीडिंग चालू ठेवलं, दोन्हींतला फरक पक्का केला, आणि मगच कुलाब्याचे मॅग्नेट थांबवले. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा काम आधीच पार पडलं होतं. १९१० मध्ये मूस ह्यांनी १८४६ ते १९०५ चा सगळा डेटा विश्लेषणासकट ग्रंथरूपात छापला. आज अलिबागला मांडव्याच्या बोटीने वीकेंडला जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहिती असेल की तिथे शंभर वर्षांहून जास्त काळ पृथ्वीची नाडी मोजली जातेय.

ह्याचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध काय, असा प्रश्न येणारच. १३ मार्च १९८९ ला अशाच वादळाने कॅनडातल्या क्युबेकमध्ये सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊएक तास घालवली, कारण जमिनीत आणि लांबच लांब वायर्समध्ये नको तो करंट वाहायला लागला. त्या वादळात आडवा जोर जगभरात तासाच्या सरासरीने किती घसरला तो आकडा उणे ५८९ नॅनोटेस्ला होता. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हान्लेहून आकाश लालसर दिसलं आणि फोटो सगळ्यांच्या फोनवर आले, तेव्हा तो आकडा उणे ४०० च्या आसपास. १८५९ चा कुलाब्याचा १६०० हा क्षणाचा आकडा आहे, त्याची तासाची सरासरी काढली तर ती अंदाजे ८५० ते १००० च्या दरम्यान येते, म्हणजे तरीही क्युबेकपेक्षा कितीतरी मोठं. आज तेवढं वादळ आलं तर सॅटेलाइट, जीपीएस, विजेचे ग्रिड, विमानांचे मार्ग, सगळं त्यात सापडतं. आपलं आदित्य एल-१ यान २ सप्टेंबर २०२३ ला सुटलं, तारीख बघा, आणि आता पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या बाजूला उभं आहे. त्याच्यावरही एक मॅग्नेटोमीटर आहे, येणाऱ्या ढगातलं चुंबकत्व उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे हे बघायला, आणि तिथून मिळणारी पूर्वसूचना फार तर तासाभराची असते.

१६०० च्या आकड्यावरचा वादही अजून चालू आहे. काहींचं म्हणणं असं की एवढी घसरण एकट्या त्या कड्यामुळे होऊ शकत नाही, मुंबईवरच्या वरच्या हवेतले करंटही त्यात मिसळले असतील, आणि मग वादळाचा जागतिक आकडा थोडा कमी धरावा लागेल. हे सोडवायला २०२२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने कुलाब्याच्या १८५९ च्या नोंदी पुन्हा उघडल्या, ह्या वेळी फक्त आडवा जोर नाही तर सुईची दिशा आणि उभा जोर ह्या तिन्ही गोष्टींचे आकडे घेऊन, कारण तिन्ही एकत्र असले तरच करंट कुठून वाहत होता ते ओळखता येतं. त्या दिवशी तिन्ही यंत्रांवर माणसं बसलेली होती म्हणून हे करता आलं.